काकूंचा पाय आणि साराचं गाणं

हातातला कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला, आणि त्याचं खापर माझ्याच डोक्यावर फुटलं!

माझ्या धाकट्या बहिणीचं, साराचं लग्न होतं. आमच्या शिरूरच्या जुन्या चर्चमध्ये. मी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी जावास्क्रिप्ट लिहितो, म्हणजे गावाच्या भाषेत 'कॉम्प्युटरवाला'. कुणाचा प्रिंटर बिघडला तरी मला फोन, टीव्हीचा रिमोट हरवला तरी मला फोन. आता एवढा मोठा माणूस घरचं लग्न साधंसुधं होऊ देईल?

मी ब्राउझरमध्ये चालणारं एक ॲप केलं. गाण्याचं कडवं प्रोजेक्टरनं भिंतीवर दिसणार, बटण दाबलं की पुढचं कडवं. आणि खरी करामत म्हणजे कुठलं बटण कशासाठी, हे ज्याचं त्यानं ठरवायचं! सेटिंगमध्ये 'पुढे' या शब्दावर क्लिक करा, पडद्यावर येणार 'नवीन बटण दाबा', मग जे पहिलं दाबाल ते तुमचं. या एका सोयीचा मला इतका गर्व होता, की आठवडाभर मी स्वतःलाच दाखवत बसलो होतो.

साराचं एकच मागणं होतं. "दादा, मी पप्पांचा हात धरून आत येताना मम्मी-पप्पांच्या लग्नातलंच गाणं पाहिजे. पूर्ण. त्यात तुझा घोळ नको."

"घोळ? माझा?" मी म्हणालो. ऐका!

पेटीवर होत्या शांताकाकू. चाळीस वर्षं त्याच वाजवतात. त्यांना मी म्हणालो, "काकू, कडवं संपलं की हे बटण दाबायचं."

"दोन्ही हात पेटीवर, बटण काय नाकानं दाबू?"

आता हार मानेन तर मी कसला इंजिनिअर! मी पायानं दाबायचं एक पेडल मागवलं. वायर लॅपटॉपला जोडायची, की लॅपटॉपला वाटतं कीबोर्डचंच बटण दाबलंय. 'पुढे'साठी ते पेडल निवडलं. तालमीत ते कसं चालतं हे मीच पायानं दाबून दाखवलं. काकू म्हणाल्या, "बेस हाय की!"

लग्नाचा दिवस उजाडला. दौंडहून नवऱ्याकडची मंडळी आली, चर्च गच्च भरलं. दार उघडलं. सारा पप्पांचा हात धरून उंबऱ्यात उभी राहिली. भिंतीवर पहिलं कडवं झळकलं. काकूंनी डोळे मिटले, सूर धरला...

आणि त्यांचे पाय चालू लागले.

अहो, चाळीस वर्षांतली साडेएकोणचाळीस त्यांनी पायपेटी वाजवलेली! पायानं भाता मारायचा, तर सूर निघायचा. तिला वाळवी लागली म्हणून सहा महिन्यांपूर्वी नवी विजेची पेटी आली, पण पायांना हे कोण सांगणार? ते बिचारे सहा महिने रिकाम्या फरशीवर भाता मारत होते. आणि मी शहाण्यानं नेमकं त्यांच्याखाली पेडल सरकवलेलं!

खट्, दुसरं कडवं. खट्, तिसरं. खट्, गाणं संपलं. पुढे लग्नाची आणखी दोनच गाणी होती, तीही संपली. गाणी मी चर्चच्या पुस्तकाच्या क्रमानं भरली होती. पुस्तकात लग्नानंतर काय येतं, सांगा बरं?

अंत्यविधी!

पाहुणे आज्ञाधारक. दौंडची पहिली रांग भिंतीवर बघून, लग्नाच्याच चालीत, मातीत निजलेल्याला खुशाल निरोप देऊ लागली. आणि शब्द चालीत बसतही होते हो! सारा अर्ध्या वाटेत थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलेलं मला लांबून दिसलं.

मी लॅपटॉपवर झडप घातली. सेटिंग उघडलं, 'पुढे'वर क्लिक केलं. 'नवीन बटण दाबा.' मी स्पेसबारकडे बोट नेतोय तोवर खट्, काकूंचा पाय! ॲपनं तेच पेडल पुन्हा घेतलं. पुन्हा क्लिक केलं, पण घाईत खालच्या ओळीवर: 'अक्षरं मोठी करा'. खट्, तेही पेडलला! एकाच बटणाला दोन कामं देऊ नयेत, एवढी साधी तपासणी मी कोडमध्ये घातलीच नव्हती. आता काकूंच्या प्रत्येक पावलाला पुढचं कडवं येत होतं आणि अक्षरंही वाढत होती. थोड्याच वेळात भिंतीवर फक्त एक 'म' उरला, जमिनीपासून छतापर्यंत.

"आरं, वायर उपट की!" मागून याकोब आप्पा ओरडले. आमच्या चर्चमधले सगळ्यांत वयस्कर.

"आप्पा, एक मिनिट, कोडमधूनच..."

"तुझ्या कोडला लाव आग!" म्हणत ते उठले आणि हाताला लागेल ती वायर ओढली. पेडलची, प्रोजेक्टरची; नशीब, पेटीची तेवढी वाचली. भिंत कोरी झाली.

काकूंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. डोळे मिटून त्या वाजवतच होत्या. मग याकोब आप्पांनीच साराचं गाणं उचललं. शिरूरकरांनी साथ दिली, दौंडकरही सामील झाले. सगळ्यांना पाठ! पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत चर्च दणाणून गेलं. सारा हसली, डोळे पुसले आणि पप्पांबरोबर पुढे चालू लागली. खरं सांगतो, मलाही भरून आलं. इतकं सुंदर गाणं आमच्या चर्चमध्ये मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

जेवणाच्या पंगतीत शांताकाकू माझ्या शेजारी येऊन बसल्या. मला वाटलं, पेडलवरून फैलावर घेणार. पण नाही. त्या माझ्याकडे मोठ्या मायेनं बघत होत्या.

"पोरा, शेवटच्या कडव्याला मी डोळं उघडलं," त्या हळूच म्हणाल्या. "सगळं चर्च गात हुतं, आन् तू एकटाच कोऱ्या भिंतीकडं बघत नुसतं तोंड हलवत हुतास. आरं, तुला गाणं येत न्हाई म्हणून केलास व्हय हा एवढा खटाटोप? आधी बोलायचं की! लहान पोरांच्या संडे स्कूलात बसवून आठ दिवसांत पाठ करून घेतलं असतं!"