बाबा माझ्या पाया पडले तेव्हा

दहावीचा निकाल लागला तेव्हा आम्ही मुलुंडच्या एका सोसायटीत, पाण्याच्या पंपाला लागून असलेल्या खोलीत राहत होतो. बाबा तिथे वॉचमन. आमचं गाव पश्चिम नेपाळातलं, पण मी जन्मले इथेच आणि शिकले मराठी शाळेत, कारण महापालिकेच्या त्या शाळेत रस्ता न ओलांडता जाता यायचं. यापलीकडे माध्यमाचा विचार आमच्या घरात कुणी केला नव्हता. सोसायटीतली सगळी मराठी पोरं इंग्रजी शाळेत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा मुलगा तर मराठीचा गृहपाठ माझ्याकडून करून घ्यायचा आणि वर मलाच बजावायचा, "शुद्धलेखन चेक कर हां."

मला अठ्ठ्याहत्तर टक्के पडले. आमच्या ओळखीच्या नेपाळी घरांत कुणाची मुलगी दहावीपर्यंत पोचलीच नव्हती, त्यामुळे बाबांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. अकरावीचं मात्र नाव काढलं नाही. परीक्षा संपली त्याच आठवड्यात त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना शब्द देऊन टाकला होता. काकांची आई अंथरुणाला खिळली होती आणि तिच्याजवळ दिवसभर राहायला मुलगी हवी होती. म्हातारी स्वभावाने चांगली होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण काका सोसायटीचे अध्यक्ष, त्यांना नाही म्हणायची आमची काय बिशाद! "बसल्या जागी काम चालून आलंय," आमा म्हणायची. आमा म्हणजे माझी आई.  मी फक्त वर्गशिक्षिका बाईंच्या मदतीने अकरावीचा ऑनलाइन फॉर्म गुपचूप भरून ठेवला.

जुलैत शाळेने पास झालेल्यांचा सत्कार ठेवला. आईवडिलांना घेऊनच यायचं, असा मोठ्या बाईंचा हुकूम. आमा चार घरच्या कामांत अडकलेली, म्हणून बाबा तासभराची सुटी मागून गणवेशातच आले. एकेक मूल आईबाबांसोबत स्टेजवर जायचं, मोठ्या बाई नारळ आणि पुस्तक द्यायच्या, मग मूल आईबाबांच्या पाया पडायचं आणि टाळ्या.  पण आमच्यात उलटं असतं. आमच्या जातीत मुलगी आईबापाच्या पाया पडत नाही, आईबापच मुलीच्या पाया पडतात. मुलगी देवीचं रूप, ती वाकली तर पाप बापाला. दसैंला, म्हणजे आमच्या दसऱ्याला, बाबा दरवर्षी माझ्या पायांवर कपाळ टेकवायचे. लहानपणी मला त्यांच्या मिशीच्या गुदगुल्या व्हायच्या. हे बाहेर कुणाला सांगायची वेळ कधी आली नव्हती.

माझं नाव पुकारलं. मी नारळ घेतला, पुस्तक घेतलं.

"हं, बाबांना नमस्कार कर," मोठ्या बाई म्हणाल्या.

मी उभीच.

"अगं, वाक ना!"

मी उभीच. मग त्या हळू बोलल्या, पण समोर माइक होता. "चार मार्क पडले की लगेच शिंगं फुटतात का गं?"

पहिल्या रांगेतल्या पोरी फिदीफिदी हसल्या. वक्तृत्वात बक्षीस मिळवलेली मुलगी मी, पण दोन वाक्यांत खरं काय ते सांगायला माझी जीभ उचलेना. बाबांना मराठी अर्धवट कळायचं. नमस्कार व्हायला हवा आणि तो होत नाहीये, एवढं त्यांना समजलं. त्यांनी टोपी काढून काखेत धरली, गुडघे टेकले आणि सगळ्यांसमोर माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

 मागून कुणीतरी म्हणालं, "वॉचमन प्यायलाय की काय!" मोठ्या बाईंनी घाईघाईने पुढचं नाव घेतलं.

गेटबाहेर आल्यावर मला रडू फुटलं. बाबांना वाटलं, आनंदाने रडतेय. म्हणून ते पाठीवरून हात फिरवायला लागले आणि माझं डोकंच फिरलं. राग मोठ्या बाईंचा होता, पोरींचा होता, माझा स्वतःचा होता. तो सगळा बाबांवर निघाला. आमच्या भाषेत, भर रस्त्यात मी ओरडले, "पाया पडता ना माझ्या? मग तिसऱ्या मजल्यावर कशाला पाठवता? देवीला कुणी दुसऱ्याच्या घरी हगणंमुतणं काढायला पाठवतं का?"

बाबा टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "देवीलाही जेवायला लागतं."

"मग राहील देवी उपाशी. पण कॉलेजात जाईल."

 ड्यूटीची वेळ झाली होती, आम्ही चालायला लागलो.

संध्याकाळी ते तिसऱ्या मजल्यावर जाऊन आले. वर काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "तो फॉर्म असतो ना, तो भर." भरलाय, असं मी म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यात कौतुक किती आणि धसका किती हे मला आजही ठरवता येत नाही.

महिनाभरात सोसायटीने सिक्युरिटी एजन्सी नेमली. एजन्सीची माणसं आली, बाबांची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर खोलीही. एका नकारापायी हे झालं, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. आमाला मात्र खात्री होती आणि ती मला ऐकवायची संधी तिने कधी सोडली नाही.

बाबांना भांडुपला नोकरी मिळाली, पण खोलीशिवाय. आमा आणि मी तिथेच टेकडीवरच्या वस्तीत गावाकडच्या एका कुटुंबाबरोबर अर्धी खोली घेऊन राहिलो. त्यात बाबांना जागा नव्हती. ते त्यांच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली दोन खुर्च्या जोडून झोपायचे आणि रविवारी दुपारी पाहुण्यासारखे आमच्याकडे जेवायला यायचे. भात कालवता कालवता विचारायचे, "अभ्यास?" मी म्हणायचे, "झकास!" दोन वर्षं असं चाललं.

त्यांतल्या पहिल्या वर्षी, अकरावीत, मी अकाउंट्समध्ये नापास झाले होते. फेरपरीक्षा देऊन कशीबशी पुढे सरकले. आता मी नोकरी करते आणि बाबा आमच्याबरोबर राहतात, पलंगावर झोपतात. त्यांना मी ते अजून सांगितलेलं नाही.