धुतलेल्या पिशव्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही — आणि ह्यांना तर मी आमटीत मीठ जास्त पडलं तरी पानावर बसायच्या आधी सांगून टाकते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसांसमोर जीभ उचलत नाही, हे मी चार वर्षं बघतेय.

मी कशी बाई आहे ते आधी कळायला हवं. लग्नाच्या जेवणात अर्धी प्यायलेली पाण्याची बाटली टेबलावर सोडून कुणी उठलं, तर त्याच्या मागे जाऊन ती हातात देणारी जी बाई असते ना — ती मी. मिसळीच्या दुकानात वाटीभर कट वाया घालवणाऱ्या परक्या माणसाला मी हटकलेलं आहे. दुकानदार मला बघून पिशव्यांचा गठ्ठा काउंटरखाली सारतात. हे मला प्लास्टिक इन्स्पेक्टर म्हणतात. चिडवायला म्हणतात, पण खरं सांगू? मला ते आवडायचं.

कॉलनीतल्या बायकांना दुधाच्या पिशव्या धुवायला मी शिकवलं. कोपरा पूर्ण कापायचा नाही, कारण तो बारका तुकडा कुणी वेचत नाही. तांदूळ धुतलेल्या पाण्यात पिशवी विसळायची, उलटी करायची, चिमटा लावून तारेवर वाळवायची. सगळ्या पिशव्या माझ्याकडे जमायच्या. मी त्यांचे गठ्ठे बांधायचे, तेही जुन्या साड्यांच्या पट्ट्या फाडून. सुतळी विकत आणायची म्हणजे आणखी एक वस्तू आली, नाही का?

महिन्यातून एकदा टेम्पो यायचा. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कंपनीचा. त्या कंपनीचा फरसाण आणि वेफर्सचा धंदा, म्हणजे चकचकीत पाकिटं गावोगाव उडवणारी तीच. पण टेम्पोवर हिरवं पान रंगवलेलं होतं, आणि पिशव्या वितळवून आम्ही बाकडी करतो असं त्यांचा अधिकारी सांगायचा. एक बाकडं आमच्या बागेत आणून ठेवलंही होतं. त्यावर बसून मी कितीतरी संध्याकाळी अभिमानानं पाय हलवले आहेत.

आणि आमच्या फाटकापाशी बसायची हौसाक्का.

गडमुडशिंगीहून रोज सकाळी पालेभाजी घेऊन यायची. पातळ पिशव्यांवरून मी तिचा इतका पिच्छा पुरवला, की तिनं त्या बंदच केल्या. "बाई, तुमच्यापायी आता केळीच्या सोपटानं जुड्या बांधाय लागल्यात बघा," असं हसत म्हणायची. तिचं हसू तिसऱ्या गल्लीपर्यंत जायचं. माझ्यावर तिचा राग नव्हता. हे लक्षात ठेवा — राग नव्हता, आणि मला ते ठाऊक होतं.

एक दिवस चार बायकांसमोर ती म्हणाली, "बाई, तुमच्या पिशव्या आमच्याकडं जळत्यात की. गावामागच्या खाणीत. त्यो टेम्पोच येतोय. धुरानं सुनेचं बाळ सारखं खोकतंय."

बायका आधी हसल्या, मग माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, उद्या जाऊन स्वतः बघते आणि येऊन सांगते. माझ्या शब्दाला कॉलनीत किंमत होती.

गेले. हौसाक्काबरोबर, बसनं. बांधावरून चालत तिनं मला त्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीपाशी नेलं. आधी वास आला, घशात बसणारा. मग खाली दिसलं. कंपनीच्या पाकिटांचे ढीग, आणि बाजूला आमचे गठ्ठे. काही काळे होऊन एकमेकांना चिकटलेले, काही अजून जसेच्या तसे. एका गठ्ठ्याला जांभळी पट्टी होती. माझ्या इरकलीची. लेकीच्या बारशाला नेसले होते ती इरकल, विरली म्हणून मीच फाडली होती.

यात आता शंकेला जागा कुठे होती?

हौसाक्कानं ती पट्टी सोडवली, राख झटकली आणि कमरेला खोचली. वस्तू वाया घालवणं तिला माझ्यापेक्षा जास्त जड जायचं, पण तिनं त्याचं कधी भाषण केलं नाही. मग घरी नेलं, चहा दिला. सुनेच्या मांडीवर बाळ होतं. श्वास घेताना त्याच्या छातीत घरघर वाजत होती. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. सगळ्यांना सांगते, टेम्पो बंद पाडते, असं मी त्या घरात बसून म्हणाले. मनापासून म्हणाले, हेही खोटं नाही.

परत आले आणि अधिकाऱ्याचा फोन आला. कंपनीच्या कॅलेंडरवर माझा फोटो घालायचं ठरलं होतं. मी हो म्हटलं. खाणीचा ख सुद्धा काढला नाही. दोन पातळ पिशव्यांसाठी हौसाक्काशी भांडणारी मी — टेम्पोभर पापाबद्दल मला एक प्रश्न विचारता आला नाही. फोटोचा मोह होता. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. बायका विचारतील, मग इतकी वर्षं आम्ही धूत काय बसलो होतो? त्या मला हसतील. आणि प्लास्टिक इन्स्पेक्टरचं काय होईल?

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी सगळ्या जमल्या होत्या. हौसाक्का भाजीची बुट्टी पुढ्यात घेऊन बसलेली. मी म्हणाले, "तिथं काही नाही. गावचाच कचरा आहे. आपल्या पिशव्या नाहीत त्यात."

इथं थांबता आलं असतं. कुणी पुढं काही विचारलंही नव्हतं. पण मी — हे लिहायला फार जड जातंय — मी आणखी बोलले. "हिच्या पिशव्या मी बंद करायला लावल्या ना, त्याचा राग काढतेय," असं मी म्हणाले. तिच्यासमोर. तिच्या घरचा चहा पिऊन आलेली मी.

मला वाटलं, आता ती तोंड सोडेल. पण ती मान खाली घालून म्हणाली, "बाई म्हणत्यात तर नसंल." आणि मेथी निवडायला लागली. माझी रोजची जुडी तिनं त्या दिवशीही बांधून माझ्या पिशवीत टाकली.

घरी येऊन जुडी सोडायला घेतली, तर ती केळीच्या सोपटानं बांधलेली नव्हती. माझ्या जांभळ्या इरकलीची पट्टी होती. एक टोक जळालेलं. मी खोटं बोलत होते तेव्हा ती पट्टी तिच्याजवळच होती. नुसती वर धरली असती तरी पुरे होतं, त्या साडीत मला सगळ्यांनी बघितलेलं होतं. तिनं ती कुणाला दाखवली नाही. मला देऊन टाकली.

बायकांनी तिच्याकडून भाजी घेणं बंद केलं. आठ दिवसांत फाटकापाशी तिची जागा मोकळी झाली. आता कुठे बसते, कोण जाणे. त्या बाळाचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. गडमुडशिंगीची बस आमच्याच कोपऱ्यावरून जाते. मी त्या बसमध्ये पुन्हा चढलेले नाही. कॅलेंडर मात्र वर्षभर कॉलनीतल्या घराघरांत होतं — गठ्ठा हातात धरून हसणारी मी.

टेम्पो अजून येतो. परवा येईल. शेजारच्या काकूंची बोटं संधिवातानं वाकलीत, तरी एकेक पिशवी विसळून, वाळवून त्या आज सकाळी घेऊन आल्या. "नीट मोजून घे गं, एकही वाया घालवलेली नाही," म्हणाल्या. मी घेतल्या.

गठ्ठे मीच बांधते. फक्त साडीच्या पट्ट्या फाडणं, ती जुडी सोडली त्याच आठवड्यात बंद केलं. सुतळी विकत आणते. सुतळीवरून कुणाचं घर ओळखू येत नाही.