सागवानी गिटार आणि मामांची पट्टी

मोजमाप हा मानवी संस्कृतीचा पाया आहे. ज्या दिवशी कुणीतरी काठीवर पहिली खूण केली, त्या दिवशी माणूस जनावरापासून वेगळा झाला. नव्वदच्या दशकात बेंगळुरूत राहत असताना मी हे मनापासून मानत होतो. त्या वेळी माझ्याकडे स्वतःची फूटपट्टी नव्हती.

मी पुण्याहून आलो होतो तो कोरमंगलातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. तिथे माझं काम म्हणजे तारखांमधल्या वर्षाचे दोन आकडे शोधायचे आणि त्यांचे चार करायचे. आठ महिने केलं. मग एके दिवशी घरमालकांनी त्यांच्या एका नातेवाइकाकडे नेलं. बनशंकरीच्या पलीकडे त्यांची शेड होती आणि तिथे ओतकामासाठी लाकडी पॅटर्न बनत. कारखान्याला लोखंडाचा एखादा भाग ओतून हवा असेल, तर आधी तो जसाच्या तसा लाकडात करायचा. मग त्या लाकडाचा वाळूत ठसा घेऊन ठशात वितळलेलं लोखंड ओततात. शेडच्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. त्यांच्या घरात मराठी साडेतीनशे वर्षांपूर्वी आली होती आणि तेव्हापासून शेजारीपाजारी जे मिळेल ते घेत राहिली होती.

अण्णांनी नुकताच एक राउटर मागवला होता. फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं हे यंत्र. पातं कुठे न्यायचं आणि किती खोल घालायचं, हे त्याला संगणक सांगणार. संगणकाला कोण सांगणार, हा प्रश्न यंत्र आल्यावर लक्षात आला. म्हणून मी.

"पण याच्यावर करणार काय?" मी विचारलं.

"गिटार," अण्णा म्हणाले. "करंटवाली. बेंगळुरात गल्लीला एक बँड झालाय बगा. सगळ्यांस्नी गिटार पायजे."

यंत्र विकणाऱ्याने जे चोपडं दाखवलं होतं त्याच्या मुखपृष्ठावर या यंत्रातून बाहेर येणाऱ्या गिटारचा फोटो होता. अण्णांच्या व्यापारी अभ्यासाची सुरुवात आणि शेवट तिथेच होता. अट मात्र साफ होती. यंत्र तीन महिने परीक्षेवर आलं होतं. तेवढ्यात एक गिटार सुरात वाजली तर यंत्र राहणार आणि मीही राहणार. नाही वाजली तर यंत्र परत जाणार. माझ्याबद्दल अण्णा काही बोलले नाहीत, पण परत जाण्याच्या यादीत यंत्रानंतर कोण, हे मला समजलं. वडिलांना मी पत्राने कळवलं. त्यांचं उत्तर कार्डावर आलं. त्यात तब्येतीची चौकशी होती आणि एका ओळीत फक्त "गिटार?" एवढंच होतं.

शेडमध्ये गिटार कुणालाच वाजवता येत नव्हती. फ्रेझर टाउनमधल्या एका चर्चमध्ये वाजवणाऱ्या, एरवी बँकेत कारकून असलेल्या एक बाई अण्णांच्या ओळखीच्या होत्या. त्यांनी आपली गिटार एक दिवस दिली. मी तिचा आकार कागदावर उतरवून घेतला. तारेची लांबी गिटारसोबतच्या पुस्तिकेतच छापलेली होती: दांडीच्या टोकापासून घोडीपर्यंत सहाशे अठ्ठेचाळीस मिलिमीटर. घोडी म्हणजे गिटारच्या पोटावरचा तो तुकडा, ज्याच्यावर तारा टेकतात. एवढा आकडा मिळाला की बाकी गणित होतं. दांडीवरचा प्रत्येक पडदा, म्हणजे तार दाबायची धातूची आडवी रेघ, कुठे बसवायचा याचं सूत्र आहे. मधला पडदा, जिथे सूर बरोबर दुप्पट उंच होतो, तो तारेच्या निम्म्यावर, तीनशे चोवीसवर. मी आकडे काढले, प्रोग्रॅम लिहिला, यंत्राने सागवानाचं पोट कोरलं आणि शिसवी दांडीवर पडद्यांच्या खाचा पाडल्या. पोट सागवानाचं, कारण शेडमध्ये सागवान होतं. गिटार उचलायला दोन हात लागत.

एक गोष्ट मात्र यंत्राने करायची नाही असं ठरलं. घोडीची भोकं मामा मारणार.

मामा म्हणजे अण्णांचे खरेच मामा. चाळीस वर्षं पॅटर्न करत होते. यंत्र आलं त्या दिवशी त्याला कुंकू त्यांनीच लावलं होतं, आणि त्यानंतर त्याच्याकडे पाठ करून बसायची जागा निवडली होती. "पहिली वस्तू आहे," अण्णा म्हणाले, "मामांचा हात लागू दे." मामांनी खिळ्याला अडकवलेली आपली मीटरभराची पोलादी पट्टी काढली, सदऱ्याने पुसली, दांडीच्या टोकाला लावली आणि सहाशे अठ्ठेचाळीसवर खूण केली. शेडमध्ये मोजायला तेवढी एकच पट्टी होती. टेपबद्दल मामांचं मत होतं की जी वस्तू लोंबते तिच्यावर भरवसा कसला.

तारा चढवल्या. बाई शनिवारी बँक सुटल्यावर आल्या. सुरुवातीला वाजवलं ते छान वाटलं आणि अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग बाईंचा हात दांडीवरून खाली सरकू लागला तसा त्यांचा चेहरा बदलत गेला.

"शुरू में ठीक है," त्या म्हणाल्या. "आगे जाते-जाते पता नहीं क्या होता है. सुर गिर जाता है."

"तार नवी आहे," अण्णा म्हणाले.

"तार का नहीं है, सर."

"मग हवा दमट आहे."

मामा उठले. पट्टी काढली. घोडी मोजली: सहाशे अठ्ठेचाळीस, केसाचाही फरक नाही. मग मधला पडदा मोजला, आणि आम्हा सगळ्यांना जवळ बोलावलं. तीनशे चोवीसवर हवा होता. तीनशे एकवीसलाही पोहोचला नव्हता.

"मिशन खोटं बोलतेय," मामा म्हणाले.

पुढचे दहा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात गोंधळाचे होते. मी सूत्र पुन्हा सोडवलं. तीनशे चोवीस. संगणकाच्या पडद्यावर बघितलं, तिथेही तीनशे चोवीस. रद्दी लाकडावर यंत्राला पुन्हा रेघ मारायला लावली आणि मामांच्या पट्टीने मोजली. पुन्हा तीनशे एकवीसला कमीच. विक्रेत्याचा माणूस आला, त्याने यंत्राला एक मिलिमीटर सरकायला सांगितलं, घड्याळासारखं काहीतरी लावून बघितलं. ते बरोबर एक मिलिमीटर सरकलं. दहा सांगितलं, दहा सरकलं. तो चहा पिऊन गेला. जे यंत्र एकेक मिलिमीटर इमानदारीने चालतं ते तीनशे चोवीस पावलांत तीन पावलं कुठे खातं, हे मला कळेना. वेदान्तावरची पुस्तकं मी वाचली होती, पण त्यांचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

"पुन्याचं गणित आमच्या लाकडास्नी चालत नाही काय?" मामा विचारायचे. त्यात कुजकेपणा नसायचा. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

अण्णांनी दरम्यान समारंभ ठरवून टाकला. लघुउद्योजकांच्या एका संघाचे अध्यक्ष येणार, गिटारचं अनावरण करणार, बाई वाजवणार. पुढच्या रविवारी. "तोवर होतंय न्हवं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, होतंय. विक्रेत्याचा माणूस सोमवारी येणार होता, एकतर कागदांवर सही घ्यायला किंवा टेम्पो घेऊन.

बुधवारी मी जयनगरच्या बाजारात पेनाच्या रिफिली घ्यायला गेलो होतो. दुकानात पोरांच्या प्लास्टिकच्या पट्ट्या टांगलेल्या होत्या. मी एक घेतली, का ते सांगता येणार नाही. शेडमध्ये येऊन ती मामांच्या पट्टीशेजारी ठेवली. प्लास्टिकचे तीस सेंटिमीटर मामांच्या एकोणतीस पूर्णांक सातवर संपले.

स्वस्तातली वस्तू, दुसरं काय होणार. मी परत गेलो आणि वेगळ्या कंपनीची घेतली. तीही तेवढीच आखूड. तिसऱ्या वेळी दुकानदाराने माझ्याकडे नीट बघितलं. मी तीन-चार पट्ट्या एकमेकींना लावून बघत होतो.

"एल्ला सेम, सर," तो म्हणाला. सगळ्या सारख्याच आहेत.

त्या होत्याच. परत येताना ऑटोमध्ये मी गंभीरपणे विचार करत होतो की जयनगरमधली सगळी मुलं चुकीची भूमिती शिकत आहेत आणि हे कुणाला कळवायला हवं.

मामा जेवायला गेले होते. मी त्यांची पट्टी खिळ्यावरून काढून दारातल्या उजेडात नेली. टोकाला, जिथे रोज अंगठा लागायचा, तिथे घासून गेलेली बारीक अक्षरं होती. ओतीव लोखंड. शंभरास एक.

लोखंड थंड होताना आकसतं, शंभराला साधारण एक इतकं. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी कोण हिशेब करणार? त्यामुळे पॅटर्न करणारे पट्टीच मोठी वापरतात. तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर मिलिमीटरपेक्षा जरासा लांब असतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी या विषयावर मी टीप लिहिली होती. आकृतीसकट.

म्हणजे यंत्राने पडदे खऱ्या मिलिमीटरमध्ये पाडले होते आणि घोडी मामांच्या मिलिमीटरमध्ये बसली होती, साडेसहा मिलिमीटर लांब. यंत्र सुटलं, मीही सुटलो. अण्णांना सांगायला मी निघालोच होतो, तेवढ्यात मामा हात पुसत आत आले.

"मामा, ही पट्टी मोठी आहे."

"मोठी कशाला? बरोबर आहे. लोखंडाची हाय ती."

"गिटार लोखंडाची नाही."

मामा गिटारकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ते मला सांगितलं कोण?"

खरं होतं. चाळीस वर्षांत त्या शेडमधून बाहेर गेलेली प्रत्येक वस्तू पुढे लोखंडात ओतली गेली होती. त्यांनी पट्टी घेतली, टोकाची अक्षरं अंगठ्याने चोळली, पुन्हा खिळ्याला अडकवली.

"आता अण्णाला सांगतोस काय?"

मला ते ठरवता आलं नव्हतं.

"भोकं मी बुजवणार नाही," ते म्हणाले. "आजवर एक बुजवलं नाही. तुझी मिशन सांगेल ते ऐकते न्हवं?"

"ऐकते."

"मग तिला म्हण की, स्वल्प मोठं घे."

मला हे सुचलं नव्हतं याची आजही थोडी लाज वाटते. घोडी लांब असेल तर पडदे त्याच प्रमाणात लांबवले की झालं. सूर प्रमाणावर चालतो, आकड्यावर नाही. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला मी एक ओळ घातली: सगळं एक पूर्णांक शून्य एकने गुण. दांडी पोटाला चार स्क्रूंनी लावलेली होती, ती काढली. यंत्राने शुक्रवारी नवी दांडी कोरली. शनिवारी बाईंनी वरपासून खालपर्यंत वाजवून बघितली, दोनदा, आणि म्हणाल्या, "अब ठीक है. क्या था?"

अण्णाही मला तेच विचारत होते. मामा पाठमोरे बसून पटाशीला धार लावत होते.

"प्रोग्रॅममध्ये एक ओळ राहिली होती," मी म्हणालो.

"बगा! तेच म्हणत होतो मी. मिशन चुकत नाही, माणूस चुकतो," अण्णा म्हणाले आणि माझ्याकडे क्षमाशील नजरेने बघितलं. मामांची पटाशी क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

रविवारी अध्यक्ष आले. मोजमाप हा मानवी संस्कृतीचा पाया आहे, वगैरे त्यांनीच सांगितलं. काठीवरची पहिली खूणही त्यांचीच. हे यंत्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक आहे असं ते म्हणाले तेव्हा अण्णांना राहवलं नाही. त्यांनी मामांना पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर मोजायला सांगितलं. मामांनी पट्टी सदऱ्याने पुसली. घोडी सहाशे अठ्ठेचाळीस. मधला पडदा तीनशे चोवीस. टाळ्या पडल्या. मामांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मग बाईंनी वाजवलं आणि ते सुरात होतं.

चूक नक्की कुणाची होती, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. सोमवारी विक्रेत्याचा माणूस टेम्पोशिवाय आला. अण्णांनी सही केली.

गिटार आम्ही ती एकच केली. बँडवाल्या पोरांनी येऊन बघितली, गळ्यात अडकवली आणि वजनाबद्दल काहीतरी बोलून पोरं परत गेली. पुढच्या महिन्यात एका पंपाच्या आवरणाचं काम आलं, ओतीव लोखंडाचं. आता यंत्रात काय काय बदलावं लागेल, असं अण्णांनी काळजीने विचारलं. मी प्रोग्रॅमची सुरुवात उघडून बघितली. ती ओळ तशीच ठेवायची होती.