गोवऱ्यांच्या विस्तवातला सुमनचा पाव

मंडळी, आज सकाळी शेलूबाजारच्या घरी मी पाव भाजला! तोही पंचाहत्तरीत.

नात पिहू मशीनमध्ये आयुष्यातला पहिला पाव करत होती. कणीक छान फुगली आणि नेमकी लाइट गेली. पोर रडकुंडीला आली. "आबा, आता फेकाच लागते!"

"कायले फेकतं? तुह्या आजीनं पाव केला तवा घरात लाइटच नोती."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझी बायको सुमन तेव्हा नवी नवरी. तिनं पहिल्यांदा कणीक निखाऱ्यात भाजायच्या रोडग्यासारखी घट्ट मळली आणि पाव दगडासारखा झाला. माझे बाबा म्हणाले, "सूनबाई, पाव हाय का पाटा?" ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी सैल मळून, आंबवून, डबा गोवऱ्यांच्या विस्तवात ठेवला, झाकणावरही निखारे. बाबांनी दोनदा मागून खाल्ला.

शाळेतल्या कवितेसारखी तिची ती कृती आज मला तोंडपाठ निघाली. पिहूची कणीक डब्यात घालून तशीच विस्तवात ठेवली. थोड्या वेळानं डबा उघडला, तर पाव काठोकाठ वर आलेला!

पिहू घास खाऊन म्हणाली, "आबा, आजी लय हुशार होती!"

सुमनला जाऊन चार वर्षं झाली. आज छाती माझी फुगली, पण मान तिचाच.

तुम्हाला कोणाच्या हातची कृती अशी तोंडपाठ आहे?