हरभऱ्याच्या पाल्याची नानकटाई

नातीनं परवा कुठल्याशा जपानी चहाची हिरवी पूड घालून बिस्किटं भाजली. ओव्हनमध्ये ठेवली, बटण दाबलं आणि फोन घेऊन बसली. चहा पिऊन होईतो बिस्किटं तयार. "आजी, तू असलं काही कधी खाल्लं नसशील," म्हणाली. मी एक खाल्लं आणि बरं आहे म्हणाले. अशीच हिरवी बिस्किटं मी साठ वर्षांपूर्वी मेहकरला शेगडीवर भाजली होती, हे सांगायला घेतलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तेवढा दम आता नाही. लिहिणं त्यातल्या त्यात सोपं, मध्येच थांबून आडवं होता येतं.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी मूळची नाशिककडची, लग्न होऊन मेहकरला आले आणि तिथल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. यांची बदली सोनाळ्याला, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. पंधरा दिवसांतून एकदा एसटी बदलत बदलत यायचे, मळके कपडे टाकायचे आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत. घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. सगळा जन्म शेतात राबलेली बाई, मला शिकलेली म्हणून मान द्यायची आणि त्याच कारणावरून हसायचीही.

त्या दिवाळीनंतर त्यांना मुदतीचा ताप आला. एकवीस दिवसांनी उतरला, पण उतरताना तोंडाची चव घेऊन गेला. वरण दिलं की "माती." मऊ भात दिला की "माती." लिंबाचं मुरलेलं लोणचं बोटभर जिभेवर ठेवलं, तेही मातीच. दोन घास झाले की तोंड भिंतीकडे. डॉक्टरांनी भाकरी, तिखट, तेलकट सगळं बंद केलं होतं. दूध-बिस्किटं द्या म्हणाले. मग ओट्यावर येऊन जोडे घालता घालता हळूच म्हणाले, "पोटात काही जात नसेल तर औषध तरी कुठवर पुरणार? पंधरा दिवसांत खायला लागल्या नाहीत, तर मुलाला बोलावून घ्या."

बेकरीच्या चिजेला आत्याबाईंनी जन्मात हात लावला नव्हता, कारण बेकरीत अंडं असतं. मी पुडा आणला तर डोळे न उघडताच म्हणाल्या, "मरन आलं तरी अंड्याचा हात लागलेलं खानार नाई."

म्हणजे घरी भाजणं आलं. ट्रेनिंगला असताना वसतिगृहाच्या बाईंनी आम्हाला नानकटाई शिकवली होती, तेवढ्या शिदोरीवर मी कंबर कसली. जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या उभट पातेल्यात, चार बोटं रेती घालायची, गंज शेगडीवर तापवायचा, रेतीत वाटी उपडी ठेवून तिच्यावर ताटली, ताटलीत नानकटाई. वरून परात झाकायची आणि परातीवर निखारे पसरायचे. खालचे कोळसे फुलले की वरचे विझायचे, वरचे फुंकावेत तर खालून करपायचं. रेती पैनगंगेची, तीसुद्धा मी धुऊन, वाळवून घेतली होती. धुणं हा माझा स्वभावच. शाळेत आरोग्याच्या तासाला फळ्यावर मीच लिहायची, पालेभाजी तीन पाण्यांनी धुवावी.

उजाडता उठून हे सगळं करायचं, आत्याबाईंचं अंग पुसायचं, त्यांचं अंथरूण बदलायचं, शाळेत जायचं, साठ मुलींचे पाढे ऐकायचे, परत आल्यावर ताटलीतली नानकटाई जशीच्या तशी पाहायची आणि पुन्हा शेगडी पेटवायची. साधी केली, वेलची घातली, जायफळ घातलं. सगळी माती. मी शाळेत खुर्चीत बसल्या बसल्या झोपायला लागले. मुली गुपचूप बसून राहायच्या, एवढी त्यांना माझी दया यायची.

एका शनिवारी संध्याकाळी शेजारच्या काकू निखारा मागायला आल्या. "कशी आहे तब्येत?" एवढंच त्यांनी विचारलं. मी ओट्यावर उभ्या उभ्याच म्हणाले, "सुटल्या तर बरं होईल हो. त्याही सुटतील, मीही सुटेन." काकू मान हलवून "हाव" म्हणाल्या आणि निखारा घेऊन निघून गेल्या. मी ते रागात बोलले नव्हते, हे जास्त वाईट. अगदी शांतपणे, भाजी महाग झाली म्हणावं तसं बोलले होते. आत येऊन पाहिलं तर आत्याबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. झोपल्या आहेत असं समजून मी कणीक मळायला घेतली.

मधूनमधून त्या एकच विचारायच्या, "हरभरा आला का व खुडाले?" दरवर्षी मार्गशीर्ष-पौषात त्या बायकांबरोबर शेतात जायच्या, हरभऱ्याचे कोवळे शेंडे पदराचा ओटा भरभरून खुडून आणायच्या, सावलीत वाळवायच्या, चुरून मडक्यात भरायच्या. ती हिरवी भुकटी आम्ही वर्षभर भाजीला खायचो. यंदा मडकं रिकामं होतं. भाजी करावी तर तिखटाशिवाय होत नाही आणि भाकरीशिवाय खाल्ली जात नाही. मग मला सुचलं, भुकटी नानकटाईत घालू. साखर वगळायची, मीठ घालायचं. आवडीची चीज आहे, निदान वासानं तरी तोंड उघडतील. डॉक्टरांचे पंधरा दिवस संपायला चारच दिवस उरले होते. यांना बोलावणारं पत्र मी पोस्टात टाकलं होतं.

माळणीकडून पाला घेतला, निवडला, चांगला तीन पाण्यांनी धुतला. सहा वर्षं त्या घरात होते, पण पाला यायचा तेव्हा मी नेहमी शाळेत असायची. सावलीत वाळवून चुरला तेव्हा रंग काय सुरेख आला! रविवारी दुपारी नानकटाई भाजली. हिरवीगार, वरून जराशी तडकलेली, एकही करपली नाही. चार ताटलीत घालून आत नेल्या, त्यांना उशीला टेकवून बसवलं आणि एक तुकडा मोडून जिभेवर ठेवला.

बराच वेळ त्या नुसत्या घोळवत राहिल्या.

"याच्यात काय टाकलं व?"

"हरभऱ्याची भाजी. वाळवून, चुरून."

"धुतली?"

"हो तर. तीन पाण्यांनी."

त्यांचे डोळे खाडकन उघडले. "तीन पान्यानं! अवं, हरभऱ्याची भाजी कोनी धुते काय? मीठ लागून राह्यलं, तूप लागून राह्यलं, पाल्याचा वासबी येते. आंब कुठी गेली? समदी आंब मोरीत सांडून देली बाई तुनं! मास्तरीन झाली, अन् एवढंबी समजत नाई."

हरभऱ्याच्या पानांवर आंबट दव धरतं, त्याला आंब म्हणतात. त्या भाजीची सगळी चव तीच, पाणी लागलं की गेली. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्या मुलखात ते कुणाला सांगावंच लागत नाही.

मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन परात दाणकन आपटली. निखारे जमिनीवर सांडले, ते उचलताना बोटं भाजली. दोन महिने मर मर मरायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं! उद्यापासून बेकरीचा पुडा समोर ठेवीन, खायचं तर खा, असं मनाशी ठरवत चिमट्यानं निखारे गोळा करत होते. अर्धे गोळा झाले तेव्हा कुठे त्यांचं बोलणं माझ्या डोक्यात शिरलं. मीठ लागलं म्हणाल्या. तूप लागलं म्हणाल्या. आंब नाही, हेही त्यांना कळलं.

मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. आनंदानं म्हणावं तर तसं नव्हतं. डोक्यावरचा भारा उतरवला की मान जास्त दुखायला लागते, तसं काहीतरी झालं.

तोंड धुऊन आत गेले. ताटलीत दोनच उरल्या होत्या.

"उद्या न धुता करते," मी म्हटलं.

"करजो." मग भिंतीकडे बघत, अगदी साध्या आवाजात त्या म्हणाल्या, "मी इतक्यात सुटत नाई, सूनबाई. तुलेबी सुटी नाई."

मी ताटली उचलायला गेले.

"चव गेली व्हती," त्या म्हणाल्या, "कान नव्हते गेले." आणि तिसरी नानकटाई मागितली. मी दिली.

हे दोन दिवसांनी आले तेव्हा आत्याबाई पायरीवर उन्हात बसून पेज पीत होत्या. उगीच रजा घ्यायला लावली म्हणून हे माझ्यावरच चिडले.

त्यानंतर आत्याबाई अकरा वर्षं जगल्या. दर पौषात मी पाला वाळत घातला की दारात बसून राखण करायच्या, "पानी नको दाखवजो" म्हणायच्या. मडकं दरवर्षी मीच भरलं, थेंबभर पाणी न लावता. ओट्यावरच्या त्या बोलण्याचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. माफी मी मागायला हवी होती. शाळेतून आल्यावर त्यांच्याजवळ बसायची, शब्द ओठांवर यायचे, आणि रोज वाटायचं, आज फार दमलेय, उद्या बोलू.