बुजलेली गाडी

उमरग्याच्या आमच्या कॉलेजात एक आपोआप चालणारी गाडी आली. एका कारखान्यानं टाकून दिलेली. फरशीवर चिकटवलेल्या काळ्या पट्टीवरून ती माणसाशिवाय सामान घेऊन फिरायची. सोबत ना माहितीपुस्तक, ना आतला प्रोग्रॅम उघडायची सोय. मला तर आनंदच झाला. गाडी न उघडता, नुसत्या वागण्यावरून तिचं डोकं कसं चालतं हे पोरांना शोधायला लावायचं, हाच माझा तास.

प्राचार्यांना मात्र त्या खोलीत टेबल टेनिस हवं होतं. "शुक्रवारी येतो. गाडी कशी चालते ते पोरांनी सांगितलं तर खोली तुमची," ते म्हणाले. मी लगेच हो म्हणून मोकळी झाले. उतावळेपणा माझ्या अंगातच आहे.

आम्ही एक वही केली. डावीकडं 'काय केलं', उजवीकडं 'काय झालं'. चुकलेलं खोडायचं नाही, खाली खरं काय ते लिहायचं आणि पानाखाली माझी सही घ्यायची. पट्टी वाकवली, गाडी हळू झाली. पुढं डबा ठेवला, थांबली. पानं भरत गेली. पण रोज चारच्या सुमारास ती मोकळ्या पट्टीवरच मध्येच थांबायची आणि मग उजवीकडं वळायची. "बॅटरी उतरतेय," मी ठणकावून सांगितलं, वहीत लिहायलाही लावलं. नवी बॅटरी घातली. चार वाजले, गाडी पुन्हा ठप्प.

वर्गात मुरूम गावाकडची एक मुलगी होती, मेंढपाळाच्या घरची, फारसं न बोलणारी. ती म्हणाली, "मॅडम, बॅटरी न्हाय. ती बुजायलीय."

"अगं, यंत्र आहे ते, बैल नाही!" मी हसले, वर्गही हसला.

ती सरळ फरशीवर पालथी पडली, गाडीच्या पट्टी बघणाऱ्या डोळ्याच्या, म्हणजे सेन्सरच्या उंचीला. "मेंढरं अडली की आमचे आण्णा आधी त्यांच्याएवढं वाकून बघतेत. तुम्ही बी या की हितं."

मीही साडी सावरत आडवी झाले. खिडकीतून ऊन आलं होतं आणि काळी पट्टी तेवढ्या तुकड्यात पांढरीफेक चमकत होती. पट्टी दिसेनाशी झाली की गाडी थांबायची, तीन मोजेपर्यंत वाट बघायची, मग उजवीकडं वळून पट्टी हुडकायची. आरशानं ऊन पाडून पुन्हा पुन्हा बघितलं. दर वेळी तेच. वहीत त्याला नाव पडलं 'बुज'.

शुक्रवारी आम्ही पडदा लावून तयार होतो. चारच्या सुमारास प्राचार्य आले, गाडी झकास चालली. "एवढा अंधार कशाला?" म्हणत त्यांनी सर्रकन पडदा बाजूला ओढला. पट्टीवर ऊन पडलं. गाडी थांबली. आता इथं टेबल टेनिसच, असं वाटलं.

"सर, बिघडली न्हाय, बुजलीय," ती मुलगी म्हणाली. "तुम्ही तीन मोजा. मग उजवीकडं वळंल बघा."

प्राचार्य खरंच मोजायला लागले, तेही मोठ्यानं. "एक... दोन... तीन." गाडी उजवीकडं वळली, पट्टी सापडली आणि चालू लागली. ते लहान मुलासारखे हसले आणि म्हणाले, "खोली तुमचीच. पुन्हा एकदा थांबवा बरं!"

संध्याकाळी वही तपासायला घेतली. 'बॅटरी उतरली'च्या खाली लाल शाईत लिहिलं होतं, 'मॅडम चुकल्या. ऊन होतं.' इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मी पानाखाली सही केली.