फ्रेमचे दोन हुक

पुतण्या सैन्याचं ट्रेनिंग पुरं करून घरी आला. अंगणात हलगी वाजत होती, वहिनी पेढे वाटत होती. त्याचा वर्दीतला फोटो फ्रेमवाला स्वतःच घेऊन आला. भिंतीवर लावताना मला वरच्या कोपऱ्यांत दोन छोटे हुक दिसले, हार अडकवायचे.

"हे कशाला?" मी हळूच विचारलं.

"तुमच्या गावातल्या वर्दीच्या फोटोंना लावतोच की," तो सवयीने बोलून गेला आणि घाईघाईने पिशवी उचलून निघाला.

मी गावातल्या भिंती आठवून पाहिल्या. हार नसलेला एकही वर्दीचा फोटो आठवेना. गुपचूप पक्कड आणून मी हुक उपटले, भोकं राहिली.

संध्याकाळी पाहिलं, तर भोकं पुऱ्यांच्या कणकेने बुजवलेली. पेढे वाटताना वहिनीचंही लक्ष तिकडेच होतं तर.